देवगिरीचे राज्य संगणकाच्या पटावर

सोलापूर : संगणकावरील ऐतिहासिक रणनीती खेळांत रोमन, मंगोल, फ्रेंच आणि जपानी फौजा गेली पंचवीसहून अधिक वर्षे एकमेकांशी झुंजत आहेत. या पटावर महाराष्ट्राचे मध्ययुग मात्र अभावानेच दिसते. अठराव्या शतकातील मराठ्यांना २००९ मध्ये एका मोठ्या खेळात स्थान मिळाले. पण त्याआधीचे देवगिरीचे यादव, बहमनी सुलतान आणि दख्खनच्या शाह्या यांना स्वतंत्र ओळख क्वचितच मिळाली. मध्ययुगीन महाराष्ट्राची ‘संस्कृती’ अशा खेळासाठी रचायची झाली, तर तिचे नाव काय ठेवावे, तिचे सैन्य कसे असावे, तिच्या इमारती कशा दिसाव्यात आणि तिच्या माणसांनी कोणती भाषा बोलावी? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे सोलापूर जिल्ह्यातील शिलालेखांत, तलावांत आणि किल्ल्यांत दडलेली आहेत.

‘संस्कृती’ म्हणजे काय?

रणनीती खेळाच्या परिभाषेत ‘संस्कृती’ म्हणजे खेळणाऱ्याने निवडायचा पक्ष. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये बाजारात आणलेला आणि एन्सेम्बल स्टुडिओज या अमेरिकी कंपनीने घडवलेला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा या प्रकारातील सर्वांत परिचित खेळ होय. मोजके गावकरी घेऊन खेळाडू अंधारयुगात सुरुवात करतो. अन्न, लाकूड, सोने आणि दगड गोळा करीत तो सरंजामी युग, किल्ल्यांचे युग आणि शेवटी साम्राज्ययुग गाठतो. मूळ खेळात अशा १३ संस्कृती होत्या.

प्रत्येक संस्कृतीचा बराचसा भाग समान असतो. वेगळेपण येते ते काही ठरावीक गोष्टींतून. आर्थिक सवलत, केवळ त्या संस्कृतीकडेच असलेला सैनिक, खास इमारत, एक-दोन खास शोध, इमारतींची शैली, एक ‘आश्चर्य’ म्हणजे भव्य वास्तू, आणि सैनिकांच्या तोंडची भाषा या त्या गोष्टी. तेवढेच महत्त्व उणिवांना असते. कोणाकडे तोफा नसतात, कोणाकडे उंट नसतात, कोणाचे आरमार दुबळे असते. उणीव नसलेली संस्कृती खेळाचा तोल बिघडवते. रचनाकाराला त्यामुळे एखाद्या समाजाचा गौरव करून भागत नाही. त्या समाजाला काय जमत नव्हते, हेही प्रामाणिकपणे शोधावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आणि खेळाच्या रचनाकाराचे काम येथे एकत्र येते.

आजवरचा भारत

१९९९ च्या खेळात हत्ती होते, पण ते पर्शियन फौजेत. भारताला त्यात जागा नव्हती. २०१३ मध्ये आलेल्या ‘द फरगॉटन’ या विस्तारात ‘भारतीय’ ही संस्कृती प्रथमच समाविष्ट झाली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या हजार वर्षांच्या इतिहासाला एकच सैन्य, एकच भाषा आणि एकच वास्तुशैली मिळाली. ही ढोबळ विभागणी खेळाडूंना खटकत राहिली. २८ एप्रिल २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या विस्तारात तिची दुरुस्ती झाली. जुन्या ‘भारतीय’ संस्कृतीचे ‘हिंदुस्तानी’ असे नामकरण झाले आणि गुर्जर, बंगाली व द्रविड या तीन नव्या संस्कृती आल्या. बाबर, बंगालचा देवपाल आणि चोळांचा राजेंद्र यांच्या मोहिमाही त्यात आहेत. या चारही संस्कृतींच्या फौजेत तटबंदी फोडण्याचे काम चिलखती हत्ती करतात.

या नव्या वाटणीत महाराष्ट्र कोठे बसतो, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. गुर्जर संस्कृती राजस्थान-गुजरातकडे पाहते, द्रविड संस्कृती चोळांच्या तामिळ देशाकडे. गोदावरी आणि भीमा यांच्या खोऱ्यांतील राज्य या दोहोंच्या मधल्या रिकाम्या जागेत राहून जाते.

अन्य खेळांची स्थिती थोडी निराळी आहे. २००७ च्या ‘एज ऑफ एम्पायर्स ३ : द एशियन डायनॅस्टीज’मध्ये भारतीय पक्षाला राजपूत, गुरखा आणि शिपाई मिळाले, ताजमहाल आणि चारमिनार ही आश्चर्ये मिळाली, मराठे मात्र वेगळे दिसले नाहीत. ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात भारत मौर्य, चोळ आणि मोगल अशा तीन कालखंडांत विभागला गेला. पॅराडॉक्स या स्वीडिश कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या खेळाचा प्रारंभ ११ नोव्हेंबर १४४४ रोजी होतो. त्या दिवशी दख्खनवर बहमनी सत्ता असते आणि कुशल खेळाडूला पुढे मराठ्यांचे राज्य उभारता येते.

मराठ्यांना आरंभापासून खेळता येणारा पक्ष म्हणून मान दिला तो ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीच्या मार्च २००९ मधील ‘एम्पायर : टोटल वॉर’ने. युरोप, अमेरिका आणि भारत अशा तीन रणभूमी असलेल्या या खेळात मराठे हे ब्रिटन, फ्रान्स, रशिया, ऑटोमन यांच्या बरोबरीने निवडता येतात. खेळ १७०० मध्ये सुरू होतो. प्रत्यक्षातील १७०० हे वर्ष मराठ्यांसाठी अत्यंत खडतर होते. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. त्याआधी १६९५ ते १६९९ या काळात बादशहाची मुख्य छावणी सोलापूर जिल्ह्यातच, मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरी येथे होती. राजधानी गमावलेले, राजा गमावलेले आणि तरीही लढत राहणारे राज्य नकाशावरील प्रांत मोजून दाखवता येत नाही. मराठ्यांची खरी ताकद कोणत्या नियमाने दाखवायची, हा प्रश्न त्यामुळे नंतरच्या रचनाकारांसाठी खुला राहिला.

सर्बियाचे उदाहरण

अशी कोंडी केवळ महाराष्ट्राची नाही. बाल्कन प्रदेशातील सर्बियाची स्थिती याच्याशी मिळतीजुळती आहे. २०१३ च्या त्याच विस्तारात ‘स्लाव’ ही संस्कृती आली. तिचा खास सैनिक ‘बोयार’ हा रशियन सरंजामदार आहे. मध्ययुगीन सर्बांना या एका छत्राखाली उभे राहावे लागले.

वास्तविक सर्बियाच्या वेगळेपणासाठी भरपूर सामग्री उपलब्ध आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेफान नेमान्याने राजवंशाचा पाया घातला, १२१७ मध्ये त्याच्या मुलाला राजमुकुट मिळाला आणि १२१९ मध्ये धाकटा मुलगा सावा याने स्वायत्त चर्च मिळवले. स्टेफान दुशानने १३४६ मध्ये स्कोप्ये येथे सम्राटपद धारण केले आणि १३४९ मध्ये लिखित कायदा जारी केला. नोव्हो ब्रदो येथील चांदीच्या खाणी आणि तेथे काम करणारे सॅक्सन खाणकामगार ही या राज्याची आर्थिक शक्ती होती. १३८९ ची कोसोव्होची लढाई आणि १४५९ मध्ये स्मेदेरेवोचा पाडाव हा शेवट सर्वांना ठाऊक आहे.

सर्बियन संस्कृती रचणाऱ्यास यातून नियम काढता येतात. चांदीच्या खाणीतून जादा सोने मिळावे, मठ बांधल्याने राज्य स्थिर व्हावे, कायदा हा खास शोध असावा. हलक्या घोडेस्वारांच्या ‘हुसार’ दलाचे मूळ पंधराव्या शतकात हंगेरीत गेलेल्या सर्बियन स्वारांत असल्याचे मानले जाते. या खेळात मात्र हुसार अनेक संस्कृतींकडे असतात. लष्करी परंपरा एकाची आणि प्रसिद्धी सर्वांची, असा हा प्रकार आहे. यादव आणि सर्बिया यांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण त्यांचा काळ बराचसा समांतर आहे आणि दोघांची अडचणही तीच आहे. मोठ्या शेजाऱ्यांच्या नावाखाली दोघेही झाकले गेले.

नावाचा पेच

पहिला निर्णय नावाचा. ‘मराठे’ हे नाव ओळखीचे आहे, परंतु ते ऐकताच सतरावे-अठरावे शतक डोळ्यांपुढे येते. ‘यादव’ हे राजवंशाचे नाव आहे. राज्य १३१८ मध्ये संपले की नावही संपते. ‘दख्खनी’ म्हटले तर बहमनी आणि पुढच्या शाह्याही सामावतात, पण तेराव्या शतकातील देवगिरी धूसर होते.

हा पेच सोलापूरच्या वाचकाला सहज समजेल. यादवांचे शिलालेख संस्कृत, कन्नड आणि मराठी अशा तीन भाषांत आहेत. सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातील. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांची यात्रा आज मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे सारेच भरवतात. मंगळवेढा हे कलचुरी बिज्जलाचे ठाणे होते आणि बसवेश्वरांच्या आयुष्याचा काही काळ तेथे गेला. पंढरपुरात १२३७ चा होयसळ सोमेश्वराचा लेख आहे आणि १२७३ ते १२७७ या काळातील ‘चौऱ्यांशीचा लेख’ म्हणून ओळखला जाणारा यादवकालीन लेखही आहे. या दुसऱ्या लेखात विठ्ठल मंदिराला दान देणाऱ्यांची नोंद असून त्यांत रामचंद्र यादव आणि त्याचा प्रधान हेमाद्री यांचा समावेश आहे.

१९५६ आणि १९६० मध्ये आखलेल्या राज्यांच्या सीमा तेराव्या शतकाच्या पटावर नेऊन ठेवल्या, तर हे सारे चित्र चुकते. यादवांची संस्कृती रचताना तिला एकभाषिक करणे हा सर्वांत सोपा, पण सर्वांत चुकीचा मार्ग ठरेल.

शेती, पाणी आणि व्यापार

युरोपीय धाटणीच्या खेळात शेत म्हणजे लाकूड खर्चून बांधलेला एक चौकोन असतो. दख्खनमध्ये शेतीचे गणित पाण्यावर ठरते. काळी जमीन, अनिश्चित पाऊस आणि वरचेवर पडणारा दुष्काळ ही येथील स्थिती. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची दुष्काळात कोठारे खुली करण्याची कथा बहमनी काळातील आहे आणि ती आजही गावोगाव सांगितली जाते.

खास इमारत म्हणून ‘तळे’ सर्वांत समर्पक ठरते. सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात लोकांकडून तलाव खोदून घेतला, अशी परंपरा आहे आणि तो सिद्धेश्वर तलाव शहराच्या मध्यभागी आहे. खेळात तळ्याभोवतीच्या शेतांना जादा उत्पन्न मिळावे, तळे गाळाने भरल्यास ते उपसण्यासाठी गावकरी लावावे लागावेत, असा नियम ठेवता येतो. हा लाभ राजाच्या खजिन्यातून नव्हे, श्रमातून मिळतो, ही गोष्टही त्यातून आपोआप कळते.

सोन्याची बाजू वेगळी आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये सोन्याच्या खाणी नाहीत. यादवांची सोन्याची ‘पद्मटंक’ नाणी मात्र प्रसिद्ध आहेत. सोने येत होते ते व्यापारातून आणि खंडणीतून. त्यामुळे या संस्कृतीला खाणीतून कमी आणि बाजारपेठेतून जास्त सोने मिळावे. दगड मुबलक असावा. घाटमाथ्यावरील पेठा आणि कोकणातील बंदरे जोडली की उत्पन्न वाढावे.

त्यासाठी कोकण जिंकावे लागते, आणि इतिहासातही तेच घडले. महादेव यादवाने उत्तर कोकणच्या शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला. सोमेश्वराचा अंत समुद्रात झाला. बोरिवलीजवळील एकसर येथील वीरगळांवर कोरलेली नौकायुद्धे याच संघर्षाची असावीत, असे मानले जाते. डोंगरी राज्याला आरमार हवे असेल तर ते उशिरा आणि महागात मिळावे, हा तोल या घटनेशी जुळतो.

फौज आणि किल्ला

लष्करी रचनेत सर्वांत मोठा मोह असतो तो नंतरच्या काळातील गोष्टी आधी आणण्याचा. बारगीर, शिलेदार आणि गनिमी कावा यांचा विकास सोळाव्या-सतराव्या शतकांतील आहे. मलिक अंबरने निजामशाहीसाठी आणि पुढे शिवाजी महाराजांनी स्वराज्यासाठी तो परिपूर्ण केला. तेराव्या शतकातील देवगिरीचे सैन्य पायदळ, घोडदळ आणि हत्ती असे पारंपरिक होते. तोफा नव्हत्याच. त्या दख्खनमध्ये बहमनी काळात रुजल्या.

१२९६ मधील अल्लाउद्दीन खलजीची स्वारी हे या सैन्याच्या मर्यादांचे ठळक उदाहरण आहे. राजपुत्र शंकरदेव मुख्य फौजेसह दूर होता. उत्तर सीमेवर पुरेसा पहारा नव्हता. काही हजार स्वारांनिशी आलेला शत्रू राजधानीच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत रामचंद्राला तयारीला वेळ मिळाला नाही. किल्ला अभेद्य होता, पण वेढ्यात धान्याची पोती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले, अशी हकिकत फिरिश्त्याने नोंदवली आहे. ती अक्षरशः खरी मानावी की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. तिचा आशय मात्र स्पष्ट आहे. तट कितीही उंच असला तरी कोठार रिकामे असल्यास किल्ला पडतो.

बहुतेक खेळांत किल्ल्यातील शिबंदीला भूक लागत नाही. देवगिरीच्या संस्कृतीसाठी हा नियम बदलता येईल. तिचा किल्ला इतरांपेक्षा बळकट असावा, पण जवळच्या कोठारातील अन्न संपले की त्याची शक्ती उतरावी. एकाच नियमात बलस्थानही येते आणि उणीवही.

पराभवानंतरचा भागही विसरता येत नाही. १३०८ च्या सुमारास मलिक काफूरने रामचंद्राला पुन्हा शरण आणले. दिल्लीने त्याला ‘रायरायान’ हा किताब देऊन राज्य परत केले आणि त्यानेही वरंगळ व द्वारसमुद्राच्या मोहिमांना मदत केली. मांडलिक होऊन टिकून राहणे, ही त्या काळातील सर्रास चाल होती. जिंकणे किंवा नष्ट होणे एवढेच दोन पर्याय देणाऱ्या खेळात हा इतिहास मावत नाही.

वीरगळ, गधेगळ आणि वारी

खास सैनिकापेक्षाही या प्रदेशाचे वेगळेपण दाखवणारी गोष्ट म्हणजे वीरगळ. गावासाठी, गुरांसाठी किंवा राजासाठी लढताना मेलेल्या वीराचा हा दगड. खालच्या पट्टीत लढाई, मधल्या पट्टीत अप्सरांसह स्वर्गाची वाट आणि वरच्या पट्टीत शिवलिंगाची पूजा, अशी त्याची रचना सर्वसाधारणपणे असते. खेळात एखादा अनुभवी सैनिक गावाजवळ मेला की तेथे वीरगळ उभा राहावा आणि त्याच्या परिसरातील गावकऱ्यांना लढण्याचे बळ मिळावे, असा नियम सुचतो. लढाईत झालेले नुकसान त्यामुळे पूर्णपणे वाया जात नाही.

दुसरा दगड गधेगळ. दान दिलेली जमीन कोणी हिरावू नये म्हणून त्यावर गाढवाचे चित्र आणि शापवाणी कोरलेली असते. शिलाहार आणि यादव काळातील असे दगड कोकणापासून घाटमाथ्यापर्यंत आढळतात. जमिनीवरील हक्काचे हे रक्षण ‘खास शोध’ म्हणून योग्य ठरेल. तो लागल्यावर शत्रूने बळकावलेल्या शेताचा लाभ त्याला मिळू नये.

धर्माचा भाग सर्वांत नाजूक आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये धर्मगुरू शत्रूच्या सैनिकाला आपल्या बाजूला वळवतो. महाराष्ट्रातील तेरावे शतक या चौकटीत बसत नाही. तेथे चक्रधरांचा महानुभाव पंथ आहे, नाथ आहेत, लिंगायत आहेत, जैन आहेत आणि पंढरीची वाट चालणारे वारकरी आहेत. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि तिच्या अखेरीस रामचंद्र यादवाचा उल्लेख आला. देवगिरीला वेढा पडला त्याच वर्षी, १२९६ मध्ये, ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. मंगळवेढ्यात तट बांधताना तो कोसळून चोखामेळा यांचा १३३८ मध्ये मृत्यू झाला. किल्ले आणि तट कोणाच्या श्रमावर उभे राहिले, याची ही आठवण आहे.

वारकऱ्यांची दिंडी कोणाला वळवण्यासाठी जात नाही. ती गावे जोडते. खेळात दिंडी ज्या गावांतून जाईल त्या गावांतील देवाणघेवाण वाढावी, एवढेच तिचे काम असावे.

काळा पाषाण आणि जुनी मराठी

इमारतींच्या शैलीबाबत साधने भरपूर आहेत. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून बांधलेल्या मंदिरांना लोक हेमाद्रीच्या नावावरून ‘हेमाडपंती’ म्हणतात; प्रत्यक्षात त्यांतील कित्येक हेमाद्रीच्या आधीची आहेत. सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर ‘आश्चर्य’ म्हणून सहज शोभेल. सोलापूर जिल्ह्यात वेळापूरचे अर्धनारी नटेश्वर मंदिर आणि भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडलची मंदिरे आहेत. देवगिरीचे चित्र काढताना मात्र सावधगिरी आवश्यक आहे. आज दिसणारा चांदमिनार पंधराव्या शतकातील बहमनी काळाचा आहे आणि तेथील तोफा त्याहून नंतरच्या. सोलापूरचा भुईकोटही यादवांचा नव्हे, बहमनी काळातील. त्यात जुन्या मंदिराचे अवशेष मात्र आहेत.

या मालिकेतील प्रत्येक संस्कृतीचे गावकरी आणि सैनिक आपापल्या भाषेत हुकमाला उत्तर देतात. द्रविडांच्या तोंडी तामिळ आहे. देवगिरीच्या गावकऱ्याने आजची प्रमाण मराठी बोलणे विसंगत ठरेल. सुदैवाने तेराव्या शतकातील बोलीचा मोठा ठेवा म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त सुरक्षित आहे. तो ग्रंथ पद्यात नसून गद्यात आहे आणि त्यात साध्या माणसांचे संवाद, खाणेपिणे, प्रवास, भांडणे आहेत. शं. गो. तुळपुळे यांचे ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) आणि तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) हे दोन ग्रंथ शब्दांसाठी पुरेसा आधार देतात. हत्तरसंग कुडल येथील शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी लेख सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांच्यामुळे अभ्यासकांपुढे आला. मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांत त्याची गणना होते.

राजाबरोबरच विद्वानांनाही जागा द्यावी लागेल. सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी होता आणि भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन झाला. विद्यापीठाच्या इमारतीत शोध स्वस्त मिळण्यास हे कारण पुरेसे आहे.

आंदणात गेलेले सोलापूर

यादवांनंतरच्या काळासाठी सोलापूरच स्वतंत्र नियम पुरवते. १५२४ मध्ये आदिलशाही घराण्यातील मरियम हिचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरात झाला. सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. तो दिला गेला नाही आणि युद्धाला तोंड फुटले. पुढे तालिकोटच्या १५६५ च्या लढाईपूर्वी विजयनगरविरुद्ध एकजूट करताना चांदबिबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, तेव्हा सोलापूर पुन्हा आंदणात गेले, या खेपेस निजामशाहीकडून आदिलशाहीकडे.

एखादा किल्ला न लढता, सोयरिकीतून हस्तांतरित व्हावा आणि शब्द मोडल्यास दोन्ही बाजूंची पत घसरावी, असा राजनयाचा नियम यातून तयार होतो. तोफाही अशाच हातबदल झाल्या. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली ‘मलिक-ए-मैदान’ बार्शीजवळच्या परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली.

मराठा काळासाठी याच जातीचा नियम म्हणजे चौथ आणि सरदेशमुखी. शत्रूचा प्रांत ताब्यात न घेता त्याच्या महसुलाचा हिस्सा मिळवणे, हे मराठ्यांच्या विस्ताराचे मर्म होते. १७०० नंतर राजधानी नसतानाही राज्य कसे टिकले, याचे उत्तर प्रांतांच्या रंगापेक्षा या नियमातून अधिक चांगले कळेल.

संमतीचा प्रश्न

इतिहास खेळात आणताना तो ज्यांचा आहे त्यांचे मत घ्यावे का, यावर जगात चर्चा झाली आहे. ‘सिव्हिलायझेशन ५’मध्ये अमेरिकेतील प्वेब्लो लोकांचा समावेश करण्याचा विचार होता; त्यांच्या पुढाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर तो सोडून देण्यात आला आणि २०१३ मध्ये शोशोनी संस्कृती आली. २०१८ मध्ये सहाव्या भागात क्री जमातीचा पाउंडमेकर आला, तेव्हा जमातीच्या प्रतिनिधीने जाहीर नाराजी व्यक्त केली. जमीन बळकावणे हेच ध्येय असलेल्या खेळात आपल्या पूर्वजाला बसवणे त्यांना मान्य नव्हते.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्र होऊ शकतो. संत आणि छत्रपती ही श्रद्धास्थाने आहेत. त्यांना प्यादे म्हणून पटावर हलवणे अनेकांना रुचणार नाही. दुसरीकडे, शत्रूला केवळ राक्षस ठरवणारी रचना दख्खनच्या मिश्र इतिहासावर अन्याय करील. संतांना खेळाडूच्या हुकमाखाली न आणता त्यांची केवळ परंपरा नियमांत ठेवणे, हा मधला मार्ग दिसतो. भारतीय विषयांवर दर्जेदार खेळ राज्यातच तयार होऊ शकतात, हे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या २०२० मधील ‘राजी’ या साहसी खेळाने दाखवले आहे. रणनीती खेळाचे आव्हान अजून बाकी आहे.

संस्कृतीचा संक्षिप्त आराखडा

नाव : देवगिरीचे यादव, साम्राज्ययुगात दख्खनी सत्तेत रूपांतर.
भाषा : जुनी मराठी व कन्नड, दरबारी लेख संस्कृतमध्ये.
आर्थिक बळ : दगड व बाजारपेठ, तळ्याकाठची शेती.
खास इमारत : तळे.
खास शोध : गधेगळ, पाटणचा मठ.
आश्चर्य : गोंदेश्वर मंदिर, सिन्नर.
बलस्थान : डोंगरी किल्ला, मांडलिकीतून पुनरुत्थान, वीरगळ.
उणिवा : कोठारावर अवलंबून शिबंदी, खाणीतून तुटपुंजे सोने, उशिरा येणारे आरमार, यादवकाळात तोफांचा अभाव.

साधने टिकली तर

शालेय पाठ्यपुस्तकात यादवांच्या वाट्याला मोजकी पाने येतात. त्याच वयाची मुले संगणकापुढे शेकडो तास मंगोल आणि इंग्रज फौजा चालवतात, आणि बोयार कोण होता हे त्यांना हेमाद्रीपेक्षा आधी कळते. खेळ हा इतिहासाचा पर्याय नव्हे. पण कोणाचा इतिहास लक्षात राहतो, हे तो ठरवू लागला आहे.

अशा खेळाला लागणारी सामग्री ग्रंथालयात थोडी आणि उघड्यावर जास्त आहे. अनेक गावांत वीरगळ मंदिराच्या पारावर तेल-शेंदूर खात उभे आहेत, काही बांधकामात चिणले गेले आहेत, काही शिलालेखांवर रंगाचे थर चढले आहेत. त्यांची छायाचित्रे, मापे आणि वाचने एकत्र नोंदवली गेली, तर रचनाकाराला, अभ्यासकाला आणि शाळेतील शिक्षकाला एकाच वेळी उपयोग होईल. पुसलेला लेख मात्र कोणत्याही संगणकावर पुन्हा कोरता येणार नाही.